रीळ खोलायची हत्यारं: कुठे मिळतात आणि घरी कशी घडवायची

रीळ खोलताना पहिला बळी जातो तो स्क्रूच्या डोक्याचा. माझा गेला तो ३००० नंबरच्या स्पिनिंग रिळाच्या बगलेच्या झाकणाचा. रत्नागिरीच्या मांडवी जेटीवर दोन हंगाम खारं पाणी खाऊन रीळ करकरायला लागलं होतं. बाहेर पाऊस कोसळत होता, गरवायला जायचा प्रश्नच नव्हता. म्हटलं, आज उघडूच. घरातला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लावला, जोर दिला आणि फुलीचं अक्षरशः वाटोळं झालं.

मग सगळे करतात तेच केलं. 'रीळ सर्व्हिसिंग किट' नावाची एक पेटी मागवली. चाळीसेक नग होते. त्यातले सहा उपयोगी पडले, बाकीचे अजून पेटीतच आहेत. ज्या एका पान्यासाठी अडलो होतो तो त्यात नव्हताच. शेवटी तो मी सायकलवाल्याकडच्या जुन्या नळीपासून कानशीने घासून बनवला आणि आजही वापरतो.

त्यामुळे पेटी मागवण्याआधी हे वाचा. समुद्रावर किंवा खाडीत रॉड-रीळ घेऊन जाणाऱ्या आणि स्वतःचं रीळ स्वतः साफ करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी हे लिहिलं आहे. ज्यांच्या हाताखालून पन्नास रिळं गेली आहेत त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल.

## १. आधी कागद, मग पाना

रीळ वॉरंटीत असेल तर बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा आणि रीळ दुकानातच द्या. घरी उघडलं की वॉरंटीचा दावा बहुधा उरत नाही. मुदत संपली असेल तर पुढे वाचा.

दुसरा कागद जास्त मोलाचा: भागांचा नकाशा. रिळाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद येतो, त्यात सगळे भाग सुटे करून क्रमाने दाखवलेले असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. खोकं टाकून दिलं असेल तर मॉडेलचं पूर्ण नाव घालून नेटवर शोधा. हे नाव रिळाच्या पायावर किंवा बुडाशी कोरलेलं असतं. ३००० आणि सी३००० ही दोन वेगळी रिळं असू शकतात, तेव्हा एक अक्षरही गाळू नका.

नकाशा समोर ठेवून, रीळ न उघडता, हे लिहून काढा: बाहेरून दिसणारे स्क्रू किती आणि कोणत्या डोक्याचे, नट कुठे आहेत, सर्क्लिप किंवा ई-क्लिप (भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) कुठे आहेत, आणि एखादी अशी गोल चाकी आहे का जिला षटकोन नाही, नुसत्या दोन खाचा आहेत. ही शेवटची गोष्ट असेल, किंवा रीळ बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, आडव्या स्पूलचं) असून त्याच्या स्पूलची पिन काढायची असेल, तरच 'खास' हत्यार लागेल. बाकी सगळं कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या धंद्याच्या पेटीत आधीपासून आहे.

## २. फुलीचा घोळ

माझा पहिला स्क्रू का गेला ते मला वर्षभराने कळलं. शिमानो, दाइवा ही जपानी रिळं. जपानी स्क्रूची फुली जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाची असते आणि आपल्याकडचा नेहमीचा फुलीचा ड्रायव्हर फिलिप्स मापाचा. दिसायला दोन्ही सारखेच. पण फिलिप्सच्या चार पाकळ्यांच्या मुळाशी गोलाई जास्त असते, त्यामुळे तो जपानी फुलीत पूर्ण खाली बसत नाही. जोर दिला की वर उचलला जातो आणि जाताना फुलीच्या कडा खरवडून नेतो. पुष्कळ जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. तो दिसला की समजा.

जुन्या जपानी बनावटीच्या मोटरसायकलींवर हात बसलेल्या मेकॅनिकला हे वेगळं सांगावं लागत नाही. इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू त्याने असेच खाऊन झालेले असतात.

उपाय दोन. एक, व्हेसलसारख्या जपानी कंपनीचे ० आणि १ नंबरचे ड्रायव्हर घ्या. रिळात बहुतेक वेळा हे दोनच लागतात. दोन, चांगल्या पोलादाच्या फिलिप्स ड्रायव्हरचं टोक पॉलिश पेपरवर सरळ उभं धरून अगदी थोडं, अर्धा मिलिमीटरही नाही, घासा. टोक आखूड झालं की पाकळ्या फुलीत आणखी खाली उतरतात. एक-दोन घासण्या, मग स्क्रूत बसवून बघायचं, पुन्हा एक-दोन घासण्या. हलवून बघितल्यावर ड्रायव्हर स्क्रूत डुगडुगता कामा नये.

पेनसारख्या अमेरिकन कंपनीच्या जुन्या मोठ्या रिळांना सपाट खाचेचे स्क्रू असतात. तिथे नेहमीचा सपाट ड्रायव्हर निसटतो, कारण त्याचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं आणि खाचेच्या फक्त वरच्या कडेला टेकतं. पात्याच्या दोन्ही बाजू कानशीने समांतर करा, खाचेच्या जाडीइतक्याच. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि त्यासाठी घरातला जुनाच ड्रायव्हर चालतो.

स्क्रूचं डोकं आधीच गेलं असेल तर: २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा. आतलं वाळलेलं मीठ किंवा थ्रेडलॉक (आटे पक्के करायचा गोंद) सैल होतं. मग रुंद रबर बँडचा तुकडा फुलीवर ठेवून त्यावरून ड्रायव्हर दाबा आणि सावकाश फिरवा. तरी नाही निघाला तर हॅक्सॉच्या पात्याने डोक्यावर एक आडवी खाच पाडून सपाट ड्रायव्हर लावायचा. रिळाची बॉडी प्लास्टिकची किंवा ग्रॅफाइटची असेल तर आयर्न जपून, नाहीतर स्क्रूसकट भोकही जाईल.

## ३. विकत घ्यायचं ते एवढंच

- जेआयएस ड्रायव्हर, ० आणि १ नंबर
- टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) बिट, टी-६ आणि टी-८ (वरच्या किमतीच्या काही रिळांना लागतात)
- १.५, २ आणि २.५ मिमीच्या अ‍ॅलन की
- नळीचा बॉक्स पाना, मापं पुढे सांगतो
- १० मिमीचा रिंग पाना (बेटकास्टर असेल तर, हँडलचा नट बहुधा याच मापाचा)
- व्हर्नियर कॅलिपर. प्लास्टिकचा नको, स्टीलचा घ्या
- टोकदार चिमटे दोन: एक सरळ, एक वाकडा
- बारीक कानशींचा संच, सोनार वापरतात तो
- छोटा व्हाइस, टेबलाला अडकवता येईल असा
- २ मिलीची इंजेक्शनची सिरिंज आणि सुई, टोक घासून बोथट केलेली
- डोळ्यांवर लावायचा चष्मा

यात सगळ्यात महत्त्वाचा व्हर्नियर. माप न घेता घेतलेलं कुठलंही हत्यार अंदाजपंचे असतं.

भाग मांडायला मी आधी इडलीची प्लेट घेतली होती. इडलीच्या प्लेटला भोकं असतात हे त्या क्षणी सुचलं नाही. अँटिरिव्हर्सची (हँडल उलटं फिरू न देणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग त्यातून गेली ती सोफ्याखाली सापडली. आता आप्पेपात्र घेतो. एकेका वाटीत एकेका टप्प्याचे भाग, घड्याळाच्या काट्याच्या क्रमाने. परत जोडताना उलट दिशेने यायचं. घरच्यांसाठी दुसरं आप्पेपात्र आणून देणं हा याच खर्चाचा भाग धरा.

## ४. कुठल्या गल्लीत काय

मासेमारीच्या दुकानात हत्यारं कमी आणि महाग मिळतात. त्यापेक्षा घड्याळजीकडे जा.

घड्याळजी आणि रीळ हे नातं मी जुळवलेलं नाही. स्वीडनच्या आबू कंपनीचं मूळ नाव एबी उरफाब्रिकेन, म्हणजे घड्याळाचा कारखाना. १९२१ साली स्वेंग्स्ता गावात तो सुरू झाला. घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर आधी, रिळं नंतर. तेव्हा घड्याळजीच्या पेटीतलं हत्यार रिळाला बसलं तर नवल नाही.

घड्याळाचं मागचं झाकण उघडायचा जो मागे-पुढे सरकणारा पाना असतो, तो दोन खाचांच्या बऱ्याच चाक्यांना बसतो. सपाट, समांतर पात्याचे बारीक ड्रायव्हर त्याच्याकडेच मिळतील. आणि हत्यारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तो चिमटा कसा धरतो ते बघायला मिळतं. मी ज्या काकांकडे जातो त्यांनी पहिल्या दिवशी एकच सांगितलं: "चिमटा दाबू नकोस, नुसता मिटव. दाबलास की वस्तू उडालीच."

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात टॉर्क्सचे बिट, चुंबकाची चटई, प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात. झाकण उचकटायला प्लास्टिकची पट्टीच वापरायची, ड्रायव्हर नाही. दातांच्या डॉक्टरांकडे झिजलेले आकडे असतात. ओळखीचे असतील तर मागा. ड्रॅगच्या (मासा ओढू लागला की दोरा सोडणाऱ्या ब्रेकच्या) वायसरांवरची तारेची कडी काढायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. घरी आणल्यावर उकळून घ्या, हे सांगायला नको.

मुंबईत असाल तर मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट. हत्यारं, बेअरिंग, नट-बोल्ट सगळं तिथे आहे आणि एक नगही देतात, फक्त सकाळी जा आणि मोडका किंवा जुना भाग सोबत न्या. तोंडी वर्णन करत बसलात तर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. सोनारी कानशी, चिमटे झवेरी बाजाराच्या आसपास. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. कोकणात तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात नाशिकच्या टपारियाचे पाने आणि ड्रायव्हर मिळतातच, घासून बदलायला ते उत्तम.

## ५. रोटरचा नट: इथेच बहुतेक जण अडतात

स्पिनिंग रिळाचा स्पूल (दोरा गुंडाळलेली रिळी) काढला की रोटरच्या, म्हणजे स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाच्या, मधोमध एक पातळ नट दिसतो. तो निघाला की रोटर निघतो आणि खालचं रोलर क्लच (हँडल उलटं फिरू न देणारं), पिनियनचं (मधल्या छोट्या गिअरचं) बेअरिंग हाताशी येतं.

हा नट पुष्कळ रिळांत १२ किंवा १४ मिमीचा असतो, पण मापूनच घ्या. साधी गोटी (सॉकेट) इथे चालत नाही. नटाच्या मधून मुख्य शाफ्ट वर आलेला असतो, तो गोटीच्या तळाला अडतो आणि गोटी नटापर्यंत पोचतच नाही. लांब गोटी लागते किंवा, त्याहून स्वस्त, नळीचा बॉक्स पाना: दोन्ही बाजूंनी आरपार, आडवी सळई घालून फिरवायचा. शाफ्ट कितीही लांब असला तरी नळीतून वर जातो.

आता त्या पान्याची एक खोड काढायची. नळीच्या तोंडाशी आतून थोडा उतार दिलेला असतो, मोठ्या नटावर पटकन बसावा म्हणून. रोटरचा नट इतका पातळ असतो की त्या उतारातच त्याची अर्धी जाडी जाते, पाना निसटतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. म्हणून पान्याचं तोंड पॉलिश पेपरवर किंवा ग्राइंडरवर सपाट घासा, उतार पूर्ण जाईपर्यंत. ग्राइंडरवर घासताना दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग ते मऊ.

नट फिरवण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, नट फिरू नये म्हणून बसवलेली एक छोटी पट्टी आणि तिचा बारीक स्क्रू. तो काढायचा राहिला तर जोर लावून काही उपयोग नाही, मोडेल मात्र.

दुसरी, आटे. काही रिळांत हे आटे उलटे असतात. ओळखायची रीत अशी: रीळ उभं धरा, नटाच्या वर दिसणाऱ्या आट्यांच्या रेषा बघा. उजवीकडे चढत असतील तर सुलटे, डावीकडे चढत असतील तर उलटे. भिंग घ्या, लाजू नका. स्क्रूने थेट बसणाऱ्या हँडललाही हाच नियम आहे: एका बाजूचे आटे सुलटे, दुसऱ्या बाजूचे उलटे.

रोटर धरायला बेलच्या (दोरा स्पूलवर वळवणाऱ्या तारेच्या) दांडीत ड्रायव्हर अडकवायची चूक करू नका, दांडी वाकते आणि मग दोरा रोलरवर नीट बसत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा रोटरभोवती गुंडाळून मुठीत धरा. हाच तुकडा अडकलेली ड्रॅगची टोपी फिरवायलाही कामाला येतो.

## ६. दोन दातांचा पाना घरी घडवणं

बोटीवर वापरायच्या मोठ्या रिळांत, आणि काही स्पिनिंग व बेटकास्टर रिळांतही, बेअरिंगवर किंवा क्लचवर दोन खाचांची गोल चाकी बसवलेली असते. ती नाकाच्या पकडीने फिरवायचा मोह होतो. पकड निसटते, बॉडीवर ओरखडा येतो, खाच फाटते. मी दोन्ही केलं आहे.

लागेल ते: लोखंडी नळीचा तुकडा, कानशी, हॅक्सॉ, व्हाइस, कागद, पेन्सिल.

चार मापं घ्या. चाकी ज्या खड्ड्यात बसली आहे त्याचा व्यास, मधून वर आलेल्या शाफ्टचा व्यास, खाचेची रुंदी, खाचेची खोली. नळीचा बाहेरचा व्यास पहिल्या मापापेक्षा जरा कमी हवा, आतला व्यास दुसऱ्यापेक्षा जास्त. सायकलवाल्याच्या भंगारात, जुन्या छत्रीच्या दांड्यात, टीव्हीच्या अँटेनात अशा नळ्या सापडतात. अँटेनाची नळी फार पातळ असते, दात दुमडतात. किमान दीड मिमी जाडीची घ्या.

आता खाचांची जागा नळीवर उतरवायची. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायचो, तसंच. चाकीवर पातळ कागद दाबा, पेन्सिल आडवी घासा, खाचा पांढऱ्या उमटतात. शाफ्ट आडवा येत असेल तर कागदाला आधी तेवढं भोक पाडा. तो ठसा कापून नळीच्या तोंडावर चिकटवा आणि दातांच्या दोन्ही कडा सुईने खरवडून खुणा करा.

तोंड आधी काटकोनात सपाट करा. मग दात सोडून बाकीची नळी खुणेच्या थोडी अलीकडेपर्यंत हॅक्सॉने कापा आणि उरलेलं कानशीने. घाई इथे करायची नाही. दाताची रुंदी खाचेपेक्षा एखादा दशांश मिमी कमी. दाताची उंची खाचेच्या खोलीपेक्षा किंचित कमी, म्हणजे नळीचं तोंड चाकीवर टेकतं आणि पाना डळमळत नाही. दाताच्या बाजू अगदी सरळ हव्यात. गोल किंवा तिरप्या झाल्या की तो दात स्वतःच वर चढतो, फुलीच्या ड्रायव्हरसारखा.

नळीच्या दुसऱ्या टोकाला आरपार भोक पाडून त्यात सायकलचा स्पोक किंवा खिळा आडवा घाला, झालं हँडल. हँडल मुद्दाम छोटं ठेवा. लांब केलंत की नको इतका जोर लागतो.

या दातांना पाणी देऊन ते टणक करायचे का, असं एका मित्राने विचारलं होतं. माझं मत, नाही. चाकी पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असते. घासायचंच असेल तर पान्याने घासावं, रिळाने नाही. पाना संध्याकाळी पुन्हा कानशीने सरळ करता येतो, चाकी कुठून आणणार?

## ७. बेटकास्टरच्या स्पूलची पिन

बेटकास्टरच्या स्पूलच्या शाफ्टमधून आरपार एक बारीक पिन जाते. तिच्या आतल्या बाजूला बेअरिंग बसलेलं असतं. बेअरिंग काढायचं तर आधी पिन ढकलावी लागते. यासाठी तयार हत्यार परदेशातून मागवता येतं आणि ते चांगलंही असतं. पण ते येईपर्यंत महिना जातो, आणि तेवढ्यात लोक हातोडी आणि खिळा काढतात. हातोडीने पिन निघते, पण शाफ्ट केसभर वाकतो. मग स्पूल फेकताना थरथरतो आणि तो आवाज कुठल्याही ग्रीसने जात नाही.

पर्याय सी-क्लॅम्पचा. दोन इंची छोटा, हार्डवेअरमध्ये मिळतो तो. त्याच्या स्थिर जबड्यावर शाफ्ट बसेल अशी इंग्रजी व्ही आकाराची खाच घासा आणि खाचेच्या मधोमध २ मिमीचं भोक पाडा, बाहेर आलेली पिन त्यात उतरेल. स्क्रूच्या टोकाची फिरती टोपी काढा आणि टोकाच्या मध्यात बारीक भोक पाडून त्यात पिनपेक्षा किंचित बारीक ड्रिल बिट उलटा बसवा, म्हणजे धारेची बाजू आत आणि दांडा बाहेर. बाहेर फक्त ४-५ मिमी ठेवा. जास्त ठेवलात तर तो टणक दांडा काचेसारखा तुटून उडतो. चष्मा लावा, हे मी गंमत म्हणून यादीत घातलेलं नाही.

पिनचा मध्य आणि दांड्याचा मध्य जुळला आहे ना ते दोन बाजूंनी बघा, मगच स्क्रू फिरवा. पिन एकदम सुटल्यासारखी 'टक्' होते. दोनेक मिमी बाहेर आली की थांबा आणि उरलेली पकडीने ओढा. पूर्ण ढकलली तर ती स्वयंपाकघरात सापडते. काही रिळांत पिनच्या ऐवजी बारीक कडी असते. आधी नकाशा बघा.

## ८. तारा आणि काड्या

या छोट्या गोष्टींना नाव नसतं, पण रोज हीच लागतात.

सायकलचा स्पोक साधारण २ मिमी जाडीचा असतो. एक टोक हातोडीने चपटं करून घासा, दुसरं आकड्यासारखं वाकवा. स्प्रिंग ओढायला, वायसर उचलायला. दुसऱ्या स्पोकचं टोक चपटं करून त्यात मधोमध खाच पाडा, ई-क्लिप ढकलून बसवता येते. ई-क्लिप काढताना रीळ आणि दोन्ही हात पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून काढा. उडाली तरी पिशवीतच राहते.

रोलर क्लचसाठी प्लास्टिकचं टोपण किंवा जाड स्ट्रॉ. क्लचच्या मधली नळी काढली की आतले सुईसारखे रोलर घरंगळतात आणि त्यांच्या स्प्रिंगा इतक्या बारीक असतात की फरशीवर पडली की शोधायलाही जाऊ नका. म्हणून नळी बाहेर ढकलतानाच तिच्या मागोमाग त्याच जाडीची स्ट्रॉ आत सरकवायची, रोलर जागचे हलत नाहीत. माप जुळत नसेल तर स्ट्रॉवर सेलो टेप गुंडाळून जाडी वाढवा. क्लचमध्ये ग्रीस अजिबात नाही, पातळ तेलाचा एखादाच थेंब. ग्रीस घातलं की रोलर चिकटतात, आणि मासा लागल्यावर हँडल उलटं फिरायला लागतं.

वायसर हा वेगळाच विषय. ०.०५ मिमीचे पातळ वायसर गिअरच्या मागे लपलेले असतात, बेअरिंगला ग्रीसने चिकटून येतात आणि कपड्याबरोबर पुसले जातात. पुसण्याआधी प्रत्येक बेअरिंगची पाठ बघा. फोनवर प्रत्येक टप्प्याला एक फोटो.

## ९. बेअरिंग काढणं आणि बदलणं

अडकलेलं बेअरिंग ठोकून नाही काढायचं. बॉडी धातूची असेल तर हेअर ड्रायरने गरम करा, अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि पकड सैल होते. मागून ढकलता येत असेल तर बांबूची किंवा पितळेची कांडी, बेअरिंगच्या भोकापेक्षा जाड. परत बसवताना मात्र जोर नेहमी बाहेरच्या कड्यावर द्या. आतल्या कड्यावर दाब दिलात तर छर्ऱ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंगही घरघरतं. त्यासाठी बाहेरच्या कड्याच्या मापाची जुनी गोटी चालते.

नवं घेताना तीन मापं सांगा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ३×१०×४ म्हणजे ६२३, ५×११×४ म्हणजे एमआर११५, ७×११×३ म्हणजे एमआर११७. पुढे झेडझेड असेल तर पत्र्याचं झाकण, टूआरएस असेल तर रबराचं. समुद्रासाठी स्टेनलेसचं मागा, नंबराआधी बहुधा एस लिहिलेलं असतं. साधं घेतलंत तर एका हंगामात गंजतं.

धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, जॅमच्या बाटलीत. पेट्रोल वापरणारे भेटतील. बंद खोलीत पेट्रोलची वाफ आणि शेजारी गरम सोल्डरिंग आयर्न, एवढंच लक्षात ठेवा. तेल म्हणून शिलाई मशीनचं तेल बेअरिंगला पुरतं, गिअरला समुद्री वापराचं ग्रीस. गंज सोडवायचा फवारा हे तेल नव्हे, तो असलेलं ग्रीसही धुऊन नेतो.

## १०. लेथवाल्याकडे जाताना

काही गोष्टी कानशीने होत नाहीत: जाड पितळी कांडी, बेअरिंग बसवायची पायरीची बुशी. मासेमारी बंदर असलेल्या गावात लेथवाला सापडतोच, तो बोटींच्या पंख्याचे शाफ्ट करत असतो. तुमचा अंगठ्याएवढा तुकडा बघून तो हसेल. हसू द्या.

पण चित्र काढून न्या आणि मापं मिलिमीटरमध्ये लिहा, तोंडी सांगू नका. तो सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीहून थोडं जास्त. मी 'तीन' म्हटलं होतं, त्याने तीन सूत ऐकलं. ती साडेनऊ मिमीची कांडी आता पेपरवेट आहे. शक्य असेल तर जो भाग बसवायचा तो सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा. आणि १ जूनच्या आसपास जाऊ नका. पावसाळी मासेमारीबंदीमुळे बोटी किनाऱ्याला लागतात आणि सगळ्यांचीच कामं एकदम येतात. ऑगस्टही वाईट. जुलैच्या मध्यात त्याला वेळ असतो आणि चहाही मिळतो.

थ्रीडी प्रिंट केलेली हत्यारं हाताने फिरणाऱ्या टोप्यांना ठीक. रोटरच्या नटाला लावलीत तर पहिल्याच झटक्यात जातात.

## ११. इथे हत्यार ठेवून द्या

दाइवाच्या मॅगसील्ड रिळांत पाणी अडवायला चुंबकाने धरून ठेवलेलं खास तेल असतं. ते पुसलं गेलं किंवा अल्कोहोलने धुतलं की घरी परत भरता येत नाही. अशा रिळाचा तो भाग उघडू नका आणि चुंबकाची चटई लांब ठेवा. दोरा ज्यावरून जातो तो लाइन रोलरही काही मॉडेलमध्ये याच पद्धतीचा असतो.

खूप वेळ जोर लावूनही काही हलत नसेल तर शंभरातल्या नव्वद वेळा एखादा स्क्रू काढायचा राहिलेला असतो. तो बहुधा स्टिकरखाली किंवा बुडाच्या रबरी टोपणाखाली असतो.

## १२. जोडल्यावर

हँडल फिरवून बघणं पुरेसं नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या, दोऱ्याला बांधा, रॉड धरून कुणालातरी ओढायला सांगा. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागावर सुटला पाहिजे: दहा किलोच्या दोऱ्याला अडीच ते सव्वातीन किलो. आणि सुटताना आकडा सारखा राहायला हवा. दोनवरून चारवर, पुन्हा दोनवर असा उड्या मारत असेल तर ड्रॅगचे वायसर उलटसुलट बसले आहेत किंवा एखादं अजून आप्पेपात्रात आहे.